दुसऱ्या वाटेची प्रत

गोव्याहून लिस्बनला जाणारं महत्त्वाचं सरकारी पत्र सहसा एकटं निघत नसे. पोर्तुगीज कारभारात त्याच मजकुराच्या दोन-तीन प्रती लिहिल्या जात, त्या वेगवेगळ्या जहाजांवर चढवल्या जात आणि प्रत्येकीवर ‘पहिली व्हिया’, ‘दुसरी व्हिया’ अशी नोंद असे. व्हिया म्हणजे वाट. आफ्रिकेच्या टोकाला वळसा घालून सहा-सहा महिने चालणाऱ्या त्या प्रवासात एखादं जहाज बुडणं किंवा डचांच्या हाती लागणं यात नवल नव्हतं, म्हणून ही तजवीज. आजही पोर्तुगीज भाषेत हरवलेल्या दाखल्याची दुय्यम प्रत मागायची तर ‘सेगुंदा व्हिया’, म्हणजे शब्दशः दुसरी वाट, मागतात. आपण मराठीत त्याच कागदाला नक्कल म्हणतो. नक्कल या शब्दाचं सगळं लक्ष अस्सलाशी मजकूर जुळतो की नाही याकडे असतं, तर व्हिया हा शब्द प्रत कोणत्या रस्त्याने गेली ते विचारतो. घरातल्या कॉम्प्युटरच्या बॅकअपचा गेल्या चाळीस वर्षांचा इतिहास मला या दोन शब्दांमधल्या गफलतीचा इतिहास वाटतो. लोकांनी नकला भरपूर केल्या, पण त्या बहुतेक अस्सलाच्याच वाटेवर ठेवल्या. शिवाय आणखी एक गोष्ट सुटून गेली. लिस्बनला पोहोचलेली दुसरी व्हिया कपाटात पडून राहायला गेलेली नसे, तिची तिथे कोणीतरी वाट पाहत असे. पहिली आली नाही तर दुसरी फोडून वाचली जाई. प्रतीला स्वतःची वाट हवी आणि पोहोचल्यावर स्वतःचं काम हवं. बॅकअपची कोणती पद्धत भरवशाची, हा प्रश्न सहसा कोणतं उपकरण घ्यावं अशा भाषेत विचारला जातो. इतिहास पाहिला तर त्याचं उत्तर उपकरणात सापडत नाही, या दोन अटींत सापडतं.

८ मार्च १९८३ रोजी आयबीएमने पीसी एक्सटी हे मॉडेल आणलं. त्यात १० मेगाबाइटची हार्ड डिस्क होती. आज मोबाइलवर काढलेले दोन-तीन फोटो तेवढी जागा खातात. त्याआधीच्या घरगुती यंत्रांवर बॅकअप हा वेगळा विषय फारसा नव्हताच. मजकूर टेपरेकॉर्डरच्या कॅसेटवर नाहीतर फ्लॉपीवर असे, तिच्याजोगती आणखी एक फ्लॉपी केली की काम झालं. हार्ड डिस्कने पहिल्यांदा घरचं सगळं एका डब्यात गोळा केलं आणि तो डबा यंत्राच्या पोटात बसवून टाकला. त्याच सुमारास आलेल्या डॉस २.० मध्ये म्हणूनच बॅकअप आणि रिस्टोअर अशा दोन आज्ञा होत्या. पण ३६० किलोबाइटच्या फ्लॉपीवर भरलेली १० मेगाबाइटची डिस्क उतरवायची तर एकोणतीस फ्लॉप्या लागत. एकेक घालायची, यंत्र सांगेल तेव्हा काढायची, वर क्रमांक लिहायचा आणि पुढची घालायची. एवढं करून एखादी मधली फ्लॉपी खराब निघाली तर तिच्यावरचं गेलंच. पुढे तर या आज्ञेने तयार होणारी प्रत इतकी बंदिस्त झाली की ती रिस्टोअरवाचून उघडून पाहताच येत नसे, आणि डॉसच्या एका आवृत्तीवर घेतलेली प्रत दुसऱ्या आवृत्तीवर परत उतरवताना अडून बसे. म्हणजे प्रत होती, ती दुसऱ्या जागीही ठेवता येत होती, पण तिला काम काहीच नव्हतं. वाचता न येणारी, वापरता न येणारी, फक्त संकटाच्या दिवसासाठी जन्मलेली वस्तू. अशा वस्तूसाठी माणूस महिन्यातून एकदा तासभर बसेल अशी अपेक्षा त्या काळच्या माहितीपुस्तिका करत, आणि माणूस बसत नसे. याला आळस म्हणून सोडून देणं सोपं आहे. पण ज्या कामाचं फळ आयुष्यात एकदा, तेही दुर्दैव ओढवल्यावरच दिसतं, ते काम रीत म्हणून रुजत नाही, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आपल्याकडे घरोघरी कॉम्प्युटर आला तो नव्वदच्या दशकाच्या शेवटी आणि दोन हजारनंतर, बहुतेक ठिकाणी असेंबल केलेला. त्याबरोबर एक अस्सल देशी बॅकअप-रीत आली, तिचं नाव डी ड्राइव्ह. यंत्र जोडून देणारा माणूसच एका डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देई आणि बजावून जाई: विंडोज सीवर, तुमचं महत्त्वाचं डीवर. या रीतीचं नंतर फार हसं केलं गेलं. एकाच तबकडीवर आखलेल्या दोन रेघांमधलं अंतर ते किती? डिस्क गेली की सी आणि डी बरोबरच जाणार. हे खरं असलं तरी ती रीत खुळेपणातून आली नव्हती. त्या वर्षांत घरगुती डिस्कवर येणारं नेहमीचं संकट म्हणजे डिस्क मरणं नव्हतं, फॉरमॅट मारणं होतं. व्हायरस शिरे, भारनियमनात अचानक वीज जाऊन विंडोज बिघडे, दुरुस्तीवाला येई आणि सी फॉरमॅट मारून नवं विंडोज टाकून जाई. त्या संकटापुरती डी ही खरोखर दुसरी वाट होती. फसगत व्हायची ती वेगळ्याच ठिकाणी. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डोळ्यांसमोर असते म्हणून ती कॉम्प्युटरवर सगळ्यात सुरक्षित, असा समज होता. प्रत्यक्षात डेस्कटॉप हा सीवरचाच एक फोल्डर. लग्नाची यादी, प्रकल्पाचा अहवाल, शिकवणीच्या नोट्स अशा गोष्टी कायम डेस्कटॉपवर असत आणि फॉरमॅटमध्ये त्याच पहिल्या जात. डी ड्राइव्हच्या रीतीतून जे कळतं ते पुढच्या प्रत्येक टप्प्यावर लागू पडतं. प्रत्येक बॅकअप हा कालच्या संकटाला दिलेला जबाब असतो. संकट बदललं की तोच जबाब निरुपयोगी होतो, आणि तो बदलायची आठवण कोणी करून देत नाही.

जुन्या पोथीच्या शेवटी लेखनिक दोन गोष्टी हमखास सांगत. एक, समोर जसं होतं तसं उतरवलं आहे, चूक असली तर दोष मला देऊ नका. दुसरी, या पोथीला तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून आणि मूर्खाच्या हातापासून जपा. धोक्यांची ही यादी मला फार नेमकी वाटते, कारण त्यात कागद किती वर्षं टिकेल याचा शब्दही नाही. सीडीच्या जमान्यात मात्र सगळी चर्चा टिकाऊपणाभोवती फिरू लागली. १९९० च्या दशकाच्या मध्याला आयोमेगाचा झिप ड्राइव्ह आला. एका जाडजूड चकतीत १०० मेगाबाइट मावत, आणि तो जसा लोकप्रिय झाला तसाच डिस्क खराब होण्याआधी येणाऱ्या ‘कट कट’ आवाजामुळे बदनामही झाला. अमेरिकेत १९९८ मध्ये त्यावरून कंपनीवर सामूहिक दावा दाखल झाला. मग घरी लिहिता येणारी सीडी स्वस्त झाली. ७०० मेगाबाइट, किंमत काही रुपये, आणि जगात मोठ्या संख्येने अशा चकत्या बनवणाऱ्या कंपन्यांत भारतातली मोझर बेअरही होती. सीडी शंभर वर्षं टिकते, हे वाक्य तेव्हा सर्रास ऐकू येई. लिहिता येणाऱ्या सीडीत माहिती एका रंगद्रव्याच्या थरात उमटते. तो थर ऊन आणि उष्णता लागून फिका पडतो, आणि तो असतो छापील बाजूच्या पातळ लेपाखाली. लोक चकचकीत बाजू प्राणपणाने जपत आणि पाठीवर बॉलपेनने दाबून ‘फोटो मे २००४’ असं लिहीत. तेही एक वेळ सोडून देऊ. मुख्य अडचण ही की सीडीचं पाकीट कॉम्प्युटरच्याच टेबलाच्या खणात असे. २६ जुलै २००५ ला सांताक्रुझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, तेव्हा मुंबईच्या तळमजल्यावरच्या घरांत पाण्याने यंत्र आणि खण यांत भेद केला नाही. पदार्थ शंभर वर्षांचा असला तरी जागा एकच होती, आणि लेखनिकांच्या यादीत पाण्याचा नंबर फार वरचा आहे.

पुढची पायरी बाहेरून जोडायच्या हार्ड डिस्कची. ती आली आणि नकलेचा कंटाळाच संपला. एकोणतीस फ्लॉप्यांचं काम एका वायरवर आलं. हार्ड डिस्क किती भरवशाची याचा चांगला पुरावा २००७ मध्ये गूगलच्या तिघा अभियंत्यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात आहे. कंपनीच्या स्वतःच्या एक लाखाहून अधिक डिस्कची नोंद त्यांनी तपासली. डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी आतली नोंद ठेवते, तिच्यातल्या सर्वांत बोलक्या चार खुणांपैकी एकही खूण निम्म्याहून अधिक मेलेल्या डिस्कमध्ये दिसली नव्हती. म्हणजे ती आधी न कण्हता, न कुथता जाते. तेव्हा डिस्क चांगल्या कंपनीची घ्यावी हा सल्ला चुकीचा नसला तरी फारसा उपयोगाचाही नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ॲपलने मॅकवर टाइम मशीन दिलं. डिस्क जोडून ठेवायची, बाकी ते बघेल. दर तासाची, दिवसाची, आठवड्याची अवस्था वेगवेगळी जपायची. माणसाला कामातून वजा केल्यावर बॅकअप खरंच होऊ लागले, हे मान्य करायला हवं. शिवाय काल चुकून पुसलेलं परवाच्या अवस्थेतून परत आणता येऊ लागलं, म्हणजे काळातली एक दुसरी वाट उघडली. पण सोयीची अट होती ‘जोडून ठेवा’. २०१३ च्या क्रिप्टोलॉकरपासून घरगुती यंत्रांना रॅन्समवेअरचा प्रसाद मिळू लागला. २०१८ नंतर पसरलेला एसटीओपी-डीजेव्हीयू नावाचा प्रकार तर फुकटात मिळवलेल्या ‘क्रॅक’ सॉफ्टवेअरबरोबर घरात शिरतो, आणि आपल्याकडच्या घरांत क्रॅकला तोटा कधीच नव्हता. असं सॉफ्टवेअर यंत्राला दिसणाऱ्या प्रत्येक फाइलला कुलूप लावतं. जोडलेली डिस्क यंत्राला दिसतेच. सोय वाढावी म्हणून प्रत अस्सलाच्या इतक्या जवळ आणली की दोघांचं मरण एक झालं.

इथे पहिला आक्षेप येतो. वाट वेगळी हवी हे कबूल, पण प्रतीला काम हवं हा हट्ट कशाला? विमा उतरवलेला माणूस विमा रोज वापरून बघत नाही. आक्षेप वरवर बिनतोड वाटतो, पण पुरावा त्याच्या बाजूने नाही. १९९८ मध्ये पिक्सार स्टुडिओत ‘टॉय स्टोरी २’ या चित्रपटाच्या फायली एका चुकीच्या आज्ञेने पुसल्या गेल्या. स्टुडिओचा रीतसर बॅकअप होता, तो उघडल्यावर कळलं की बरेच दिवस नीट होतच नव्हता. चित्रपट वाचला तो गॅलिन सुसमन या तांत्रिक दिग्दर्शिकेमुळे. नुकतंच मूल झाल्याने त्या घरून काम करत होत्या आणि त्यासाठी चित्रपटाची जवळजवळ संपूर्ण प्रत त्यांच्या घरच्या यंत्रावर होती. ते यंत्र दुलईत गुंडाळून गाडीतून स्टुडिओत आणलं गेलं. (घरच्या कॉम्प्युटरने एका कंपनीचा बॅकअप म्हणून काम केल्याचं हे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण असावं, नेहमीच्या व्यवहाराच्या अगदी उलट.) ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या संस्थेच्या अभियंत्याने चुकीच्या सर्व्हरवरची माहिती पुसली, तेव्हा बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या तजविजींपैकी एकही धड चालत नसल्याचं उघड झालं. कामी आली ती सहा तासांपूर्वी एका वेगळ्याच कामासाठी काढलेली प्रत. दोन्हीकडे राखणीसाठी ठेवलेली प्रत निकामी निघाली आणि वापरासाठी केलेली जिवंत. कारण साधं आहे. वापरातली प्रत बिघडली तर त्याच दिवशी कोणीतरी ओरडतं. राखणीची प्रत बिघडल्याचं ज्या दिवशी कळतं तो दिवस नेमका ती लागण्याचा असतो. विम्याची उपमाही मग उलटते, कारण विमा कंपनीवर देखरेख करायला निदान नियामक असतो.

हेच आपल्या बाजारपेठांत नकळत घडत आलं आहे. घरातूनच छोटा धंदा चालवणारे हजारो लोक टॅलीवर हिशेब ठेवतात. वर्षअखेरीला, कधी दर तिमाहीला, टॅलीचा डेटा पेन ड्राइव्हवर घालून सीएकडे जातो. सीएच्या ऑफिसातला मुलगा तो आपल्या यंत्रावर उघडतो, नोंदी तपासतो, चुका विचारायला फोन करतो. घरचं यंत्र बसलं की हिशेब परत मिळतात ते सीएकडून. याला कोणी बॅकअप म्हणत नाही, पण वेगळी जागा, वेगळा हात, वेगळं यंत्र आणि वर्षातून निदान एकदा उघडून वाचलेली प्रत, असं सगळं तिथे आपसूक जमतं. मराठेशाहीतला जमाखर्चही याच घडणीचा होता. गावचं दफ्तर कुलकर्ण्याकडे, परगण्याचं देशपांड्याकडे आणि वर हुजूर दफ्तर. तिघेही आपापल्या कामासाठी लिहीत, एकमेकांच्या राखणीसाठी कोणी लिहीत नव्हता. इंग्रजी अंमलात १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशन बसलं आणि गावोगावचे हक्क तपासू लागलं, तेव्हा एका ठिकाणचा कागद दुसऱ्या ठिकाणच्या नोंदीशी ताडून पाहता येई तो त्यामुळे. खोटा कागद करायचा तर तीन जागी करावा लागला असता.

पोथ्यांचा दाखला दिला की इंद्रायणीत बुडवलेल्या गाथेची गोष्ट कोणाच्याही ओठावर येते. मला त्याहून महानुभाव पंथाचा दाखला जवळचा वाटतो, कारण त्यात यश आणि अपयश दोन्ही आहेत. पंथाचे प्रवर्तक चक्रधर यांच्या आठवणी म्हाइंभटांनी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. देवगिरीवरच्या स्वाऱ्यांच्या धामधुमीत मूळ पोथी नाहीशी झाली असं पंथाची परंपरा सांगते. पुढे ग्रंथ पुन्हा उभा राहिला तो ज्यांना तो पाठ होता, जे तो रोज आळवत, अशा हिराइसेसारख्या अनुयायांच्या पाठांतून. ते पाठ परस्परांशी तंतोतंत जुळत नाहीत, म्हणून वि. भि. कोलत्यांना १९७८ ची आवृत्ती सिद्ध करताना अनेक पोथ्या समोर ठेवाव्या लागल्या. जुळत नसले तरी ग्रंथ आहे. आता दुसरी बाजू. आपलं वाङ्मय परक्याच्या हाती पडू नये म्हणून महानुभावांनी सकळ, सुंदरी अशा सांकेतिक लिप्या केल्या. पंथ पंजाबापर्यंत पसरला, मठामठांत पोथ्या सुखरूप राहिल्या, आणि तरीही पंथाबाहेरच्या मराठी माणसाला कित्येक शतकं त्या नसल्यासारख्याच होत्या. विसाव्या शतकाच्या आरंभी वि. का. राजवाडे आणि वि. ल. भावे यांच्यासारख्यांनी उकल केली तेव्हा कुठे मराठी गद्याचा आरंभ केवढा मागे जातो हे बाहेर कळलं. पंथाचा हेतू तोच असल्याने त्यांच्या दृष्टीने हे अपयश नव्हे, पण प्रत टिकणं आणि वाचता येणं या दोन गोष्टी आहेत हे इतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही.

घरगुती कॉम्प्युटरवरच्या मराठीवर हा प्रसंग आपल्या डोळ्यांदेखत येऊन गेला. नव्वदच्या दशकात आणि नंतरही बरीच वर्षं मराठी टंकलेखन व्हायचं ते श्रीलिपी, आकृती, आयएसएम अशा सॉफ्टवेअरमध्ये, आणि प्रत्येकाच्या फॉन्टची आतली मांडणी निराळी. भारतीय लिप्यांसाठी इस्की हे प्रमाणक १९९१ मध्ये ठरलं होतं, त्याच वर्षी युनिकोडची पहिली आवृत्तीही आली, पण घराघरांत आणि छापखान्यांत चालले ते हे फॉन्ट. त्या काळातली कादंबरीची किंवा कुळाच्या वंशावळीची फाइल एखाद्याने काळजीपूर्वक फ्लॉपीवरून सीडीवर, सीडीवरून डिस्कवर नेली असेल, एकही बाइट इकडचा तिकडे झाला नसेल. आज उघडावी तर पडद्यावर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा खिचडा. फॉन्ट सापडला किंवा रूपांतर करून देणारं साधन मिळालं तर मजकूर परत येतो, नाहीतर ती आपली घरची सकळ लिपी. नक्कल बिनचूक आणि तरी व्यर्थ, याचं याहून चोख उदाहरण शोधावं लागणार नाही. मधल्या काळात कोणी ती फाइल एकदा जरी कामासाठी उघडली असती, तर फॉन्ट हाताशी होता तेव्हाच ती युनिकोडमध्ये आली असती.

आता सर्वांत वजनदार आक्षेप. हे सगळं क्लाउड येण्याआधीचं रडगाणं आहे, आता फोटो आपोआप वर जातात, कोणत्याही यंत्रावर दिसतात, जागाही वेगळी आणि वापरही रोजचा. दोन्ही अटी पुऱ्या झाल्या की! यातलं पहिलं अर्धं मी निमूट मान्य करतो. मे २०१५ मध्ये गूगल फोटोज आलं, तेव्हा ज्यांनी जन्मात कधी बॅकअप घेतला नव्हता अशा कोट्यवधी घरांना पहिल्यांदा खरी दुसरी वाट मिळाली, आणि आजही सामान्य घरासाठी इतकं स्वस्त, इतकं दूरचं दुसरं काही नाही. पण दोन गोष्टी नजरेआड होतात. एक म्हणजे आपोआप जुळवून घेणाऱ्या सोयीत मोबाइलवर पुसलेला फोटो तिकडेही पुसला जातो. कचरापेटीतली मुदत संपली की दोन्हीकडून गेला. जिथे चूकही प्रतीबरोबर प्रवास करते, ती वाट दुसरी कशी म्हणायची? दुसरी म्हणजे तिकडची जागा आपली नसते. अमर्याद फुकट साठवणीची गूगलची सवलत १ जून २०२१ ला संपली. डिसेंबर २०२३ पासून दोन वर्षं न वापरलेली खाती पुसायला सुरुवात झाली. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला बंद झालं तेव्हा आपल्या एका पिढीच्या गप्पा आणि फोटो मुदतीत न उतरवणाऱ्यांचे गेले. यात कोणाची लबाडी नाही, तो त्यांचा व्यवहार आहे. १० मार्च २०२१ ला स्ट्रासबुर्गला ओव्हीएच कंपनीचं एक डेटा सेंटर जळालं, तेव्हा ज्यांचा बॅकअप त्याच आवारात होता त्यांचं दोन्ही गेलं. याउलट मे २०२४ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या युनिसुपर या निवृत्तिवेतन निधीचं गूगल क्लाउडवरचं प्रायव्हेट क्लाउड चुकून पुसलं गेलं. ते पुन्हा उभं करताना त्यांनी दुसऱ्याच कंपनीकडे ठेवलेली प्रतही कामी आली. ‘क्लाउडवर आहे’ या वाक्यात म्हणूनच जितका दिलासा आहे तितकीच अर्धवट माहितीही आहे. कोणाच्या, कुठल्या आणि कोणत्या अटीवर, हे विचारावंच लागतं.

तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, त्यांतली एक घराबाहेर, हा हल्ली सर्वत्र सांगितला जाणारा नियम पीटर क्रोग या अमेरिकी छायाचित्रकाराने आपल्या पुस्तकातून रूढ केला. नियम चांगला आहे. गंमत अशी की तो मांडणारा माणूस ग्राहकांना जुने फोटो पुन्हा पुन्हा काढून देणारा व्यावसायिक होता. त्याच्या प्रती उघडल्या जाणारच होत्या, म्हणून ती अट त्याला लिहावी लागली नसावी. घरात तीच अट गळून पडते आणि उरतात आकडे. कोणी असंही म्हणेल की घरच्या कॉम्प्युटरवर असतं काय एवढं, गेलं तर गेलं. बऱ्याच अंशी खरं आहे. पाच हजार फोटोंपैकी साडेचार हजार पुन्हा कोणी पाहणार नाही, आणि उतरवलेले चित्रपट तर पुन्हा मिळतात. पण मग निवडायला बसावं लागतं, आणि निवडणं हेही उघडून पाहणंच आहे. लेखनिक सगळा मठ उतरवत नसे, पारायणाला लागणारी पोथी उतरवी.

तेव्हा उपकरणांच्या किमती आणि गिगाबाइटांचे तक्ते बाजूला ठेवून घरातल्या घरात दोन प्रश्न विचारले तरी निवड बरीचशी होऊन जाते. ही प्रत कोणत्या संकटात अस्सलाबरोबर जाणार नाही? आणि संकट न येताही ती कोण उघडणार? क्लाउडवरचं खातं ठेवावं. त्याच्या जोडीला दोन डिस्क घ्याव्यात, आळीपाळीने जोडाव्यात आणि काम झालं की काढून ठेवाव्यात, म्हणजे निदान एक नेहमी यंत्राच्या नजरेआड राहील. याखेरीज आणखी एक डिस्क दुसऱ्या गावी असावी, आणि तिथे ती कोणाला तरी हवी असावी. आपल्याकडे तशी माणसं आहेत. आईवडील साताऱ्यात, मुलगी न्यू जर्सीत, ही आता नेहमीची मांडणी. दर दोन वर्षांनी डिसेंबरात येणाऱ्या मुलीच्या बॅगेत परतताना मेतकूट आणि गोडा मसाला जातो, त्यात तळहाताएवढी डिस्क सहज मावते. तिकडे नातवंडांना आजोबांच्या लग्नाचे स्कॅन केलेले फोटो दाखवायला ती डिस्क लावली जाईल, एखादा फोल्डर उघडत नाही असं दिसेल, आणि साताऱ्याला फोन येईल. फक्त डिस्कला पासवर्ड घातला असेल तर तो एका कागदावर लिहून, डिस्कपासून वेगळा, घरातल्या दोघांना तरी माहीत असलेल्या जागी ठेवलेला बरा. सकळ लिपीची किल्ली निदान महंतांच्या परंपरेत जिवंत होती.